न थांबणारे टाळ

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि सगळे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. हे आपण अनेकांनी पाहिले आहे.

माझ्या कीर्तनात अशी सोय नव्हती. नारदाच्या गादीवर ४० वर्षे शेवटचा शब्द माझाच. चाल चढताना लय बिघडली की मी मृदंगाचार्यांकडे डोळे वटारायचो. श्रोतेही तिकडेच पाहायचे. ते मान खाली घालायचे, आणि मला वाटे, चूक कबूल आहे. आपल्यापैकी कोणी दिंडी चालवत असेल, फडाचा कारभार पाहत असेल. हाताखालचा माणूस गप्प बसला की आपण काय समजतो?

परवा नातवाने माझ्या कीर्तनाची जुनी कॅसेट लावली. ठेका जागेवर होता. पुढे पळत होतो तो मीच. टाळकऱ्यांनाही कळत असणार म्हणा.

एकादशीला मृदंगाचार्यांच्या घरी गेलो, पाया पडलो. म्हणालो, "लय मीच सोडत होतो."

"ठाऊक होतं, महाराज."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कधी?"