आरोग्यशास्त्राच्या पदवीचा हिशेब

बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री अशा पदव्यांचे आर्थिक मूल्य काढण्याची रीत अर्थशास्त्रात ठरून गेली आहे. शिक्षणाचा खर्च आणि त्या वर्षांत बुडालेली कमाई एका बाजूला मांडायची, पदवीमुळे पुढे वाढलेली मिळकत दुसऱ्या बाजूला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये खर्चिक शिक्षण घेतलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. झिजून निकामी होण्यापूर्वी यंत्राने आपली किंमत नफ्यासह भरून द्यावी. शिकलेल्या माणसाच्या मजुरीकडूनही तीच अपेक्षा. गॅरी बेकरने १९६४ मध्ये ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात या विचाराला पद्धतशीर गणिताची जोड दिली. तत्त्वज्ञानाचा प्रश्न याच्या आधीचा आहे. आजाऱ्याला बरे करण्याची विद्या या तराजूत घालावी का, आणि घातलीच तर त्यात नेमके काय तोलले जाते?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस वैद्याबद्दल हाच प्रश्न उपस्थित करतो. त्याचे उत्तर असे की वैद्यक ही कला शरीराचे हित पाहते. वैद्याला मेहनताना मिळतो तो वैद्यकामुळे नव्हे, तर सोबत चालणाऱ्या कमाईच्या वेगळ्या कलेमुळे. युक्तिवाद थोडा ओढूनताणून केलेला वाटतो, पण त्यातला भेद कामाचा आहे. विद्येचे साध्य एक आणि विद्यावंताची मिळकत दुसरी. एकाच्या मोजमापाने दुसरी मोजली जात नाही.

चरकसंहितेत या दोन्ही बाजू आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात उपचाराचा बाजार मांडणाऱ्याला सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागे लागलेला म्हटले आहे. प्राणिमात्रांवरील दयेपोटी उपचार करणारा तेथे श्रेष्ठ ठरतो. हा उतारा समारंभांतून पुष्कळ ऐकू येतो. सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय मात्र तितका ऐकू येत नाही. त्यात माणसाच्या तीन एषणा, म्हणजे इच्छा, सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. धनाचा क्रम प्राणानंतर लगेच लागतो, कारण साधनांवाचून लाभलेले दीर्घायुष्य हे मोठे पाप मानले आहे. शेती, पशुपालन, व्यापार, राजसेवा असे कमाईचे मार्गही तेथे दिले आहेत. म्हणजे चरकाचा आक्षेप पैशाला नाही; उपचार हाच विक्रीचा माल होण्याला आहे.

पाली विनयपिटकातील जीवकाची कथा हा प्रश्न आणखी खोलात नेते. जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. परतताना साकेतात त्याने एका श्रेष्ठीच्या पत्नीची जुनी डोकेदुखी बरी केली. आगाऊ काही नको, बरे वाटल्यावर इच्छेला येईल ते द्यावे, अशी त्याची अट होती. ती बरी झाली आणि त्या घराने मिळून सोळा हजार नाणी दिली. ही पहिली कमाई त्याने राजगृहाला नेऊन अभय राजपुत्रापुढे ठेवली. याच राजपुत्राने त्याला टाकलेल्या अवस्थेतून उचलून वाढवले होते. पालनपोषणाची ही भरपाई राजपुत्राने नाकारली आणि पैसे जीवकालाच ठेवायला सांगितले. जीवकाचे औदार्य निर्विवाद आहे, पण ते कशावर उभे होते हेही पाहिले पाहिजे. त्याला वाढवणाऱ्या राजघराण्याने खर्चाची परतफेड मागितली नाही. फी ठरवण्याचे काम तो रोग्यावर सोडू शकला, कारण दरमहा हप्ता मागणारे कोणी त्याच्या मागे नव्हते.

आजच्या विद्यार्थ्याची परिस्थिती आकड्यांतून स्पष्ट होते. समजा, चार वर्षांच्या नर्सिंग पदवीची फी वर्षाला १ लाख रुपये आहे आणि शिक्षण न घेता काम केले असते तर दरमहा १२,००० रुपये मिळाले असते. फीचे ४ लाख आणि बुडालेल्या कमाईचे ५ लाख ७६ हजार मिळून खर्च ९ लाख ७६ हजार होतो. एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. तेथे व्याज सोडून हा खर्च सुमारे अडीच वर्षांत भरून निघतो. तीच पदवी घेतलेली मुलगी छोट्या खासगी रुग्णालयात २०,००० रुपयांवर लागली तर वर्षाची वाढीव मिळकत ९६,००० रुपये होते आणि तेवढ्यालाच दहा वर्षे लागतात. खर्चावर दरसाल १० टक्के व्याज धरले तर व्याजच ९७,६०० रुपये होते. पगार वाढला नाही तर मुद्दल कधीच फिटणार नाही.

दोन्हीकडे पदवी एक, अभ्यासक्रम एक, सलाईन लावणारा हातही एकच. तरी परतफेडीचा काळ चौपट होतो. या गणितात विद्या तोलली जात नाही. तोलली जाते ती नोकरी देणाऱ्याची ऐपत, त्याची नियत आणि सरकारचा वचक. म्हणून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब जरूर करावा, त्यात हीन काही नाही. चूक होते ती परतफेड लांबली म्हणून ती विद्याच कमी मोलाची समजण्यात.

याच्या उलट चूक अधिक प्रतिष्ठित आहे. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. प्रतिष्ठेला असा पर्याय नसतो, असे कांटने १७८५ मध्ये मांडले. रोग्याचा जीव दुसऱ्या वर्गात मोडतो, यात शंका नाही. पण जीव अनमोल म्हणून तो सांभाळणाऱ्याचे श्रमही बिनमोल, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ‘ही सेवा आहे’ हे वाक्य पगार देणाऱ्याच्या तोंडी आले की त्याचा अर्थ बदलतो. त्याग करणाऱ्याने स्वतः केला तर तो त्याग. दुसऱ्याने त्याच्या नावावर लावला तर ती कपात.

अशा कपातीला सरकारी वचकाने आळा घालण्याचा प्रयत्न झाला आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारइतके वेतन आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयात किमान २०,००० रुपये, अशी तिची शिफारस होती. केरळने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी २०,००० रुपयांचे किमान वेतन अधिसूचनेने लागू केले.