चहा नाकारू नका

डिसेंबर लागला की नवी मुंबईतल्या बाल्कन्यांतून कागदी चांदण्या लटकू लागतात. काही घरांनी दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, त्यामुळे वाशी-नेरुळच्या एखाद्या इमारतीत दोन्ही शेजारी शेजारी झुलताना दिसतात. रात्री कॅरोल गाणारी टोळी येते. सांताक्लॉजचा लाल झगा चढवलेला कुणी कॉलेजकुमार घामाघूम झालेला असतो (आपल्याकडची थंडी ती केवढी!). गाणं संपलं की एक डबा पुढे येतो. आपण नोट टाकतो, मुलाला चॉकलेट मिळतं, दार बंद होतं. डब्यातल्या पैशांचं पुढे काय होतं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. विचारावं. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर आखलं गेलं. आगरी-कोळ्यांची गावठाणं सोडली तर इथे जो तो कुठून तरी आलेला. चर्चमधली माणसंही तशीच. गोव्याची, मंगळुरूची, वसईची, तमिळनाडूची, आणि केरळची तर भरपूर. वाशीचं सेक्रेड हार्ट मुंबईच्या आर्चडायोसीजचं, सिरो-मलबार पंथाची चर्च 1988 साली झालेल्या कल्याण धर्मप्रांतातली, शिवाय मार थोमा आणि ऑर्थोडॉक्स मंडळी वेगळी. उपासना वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण नाताळाच्या आधी तांदळाच्या गोणी सगळीकडेच उतरतात.

कॅथलिक धर्मग्रामांत हे काम बहुधा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे असतं. तिचा जन्म पॅरिसमधला, 1833 सालचा. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने हजारोंचे बळी घेतले होते. फ्रेडरिक ओझानम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभांमध्ये आपल्या धर्माची बाजू हिरिरीने मांडत असे. समोरच्याने एकदा त्याला टोकलं, की तुमच्या धर्माने पूर्वी काय केलं ते सोडा, आज काय करता ते बोला. ते त्याच्या वर्मी लागलं. चार-पाच मित्रांना घेऊन तो सिस्टर रोझली रेंदू यांच्याकडे गेला आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली ही पोरं पॅरिसच्या दरिद्री वस्तीत घरोघर जाऊ लागली. ओझानम पुढे सोरबोनला प्राध्यापक झाला, चाळिशीत वारला. ती संस्था आज जगभर आहे.

या संस्थेची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक बैठकीत कापडी पिशवी फिरते. जो तो बंद मूठ आत घालतो आणि उघडा हात बाहेर काढतो. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, कुणाला कळत नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपण म्हणतो खरं, पण त्याची एवढी चोख व्यवस्था क्वचितच कुणी लावली असेल. देणगीदारांच्या नावांचा फलक गाभाऱ्यापेक्षा मोठा लावणाऱ्या आपल्या काळात तर ही पिशवी जपून ठेवण्यासारखी आहे.

दुसरी रीत भेटीची. मदत हवी असलेल्याला चर्चच्या अंगणात रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. दोघांनी मिळून जायचं. घर कुठल्या धर्माचं हे पाहायचं नाही. या शहराच्या बाबतीत ते घर तुर्भ्याच्या झोपडपट्टीत असू शकतं, नाहीतर ज्या दगडखाणींच्या खडीवर इथल्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या कडेच्या वस्तीत. कधी ते आपल्याच सेक्टरमध्ये असतं. नवऱ्याची नोकरी गेलेली, मेंटेनन्स थकलेला, आणि बाहेरून सगळं ठीकठाक.

नेरुळमध्ये माझ्या ओळखीच्या एक बाई बरीच वर्षं अशा भेटींना जातात. पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, कपड्यांचा साबण. नाताळात वर एक खोका. त्यात करंज्या, केकचे दोन तुकडे आणि काट्याच्या पाठीवर वळून तळलेले, शिंपल्यासारखे दिसणारे कुलकुल. नव्या कार्यकर्त्यांना त्या एकच गोष्ट बजावतात. दारातून पिशवी देऊन पळायचं नाही. बसायचं. आणि चहा विचारला तर घ्यायचा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पत्र्याच्या खोलीत प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं जातं. बाई पोराला हळूच खुणावते आणि तो दुधाची छोटी पिशवी आणायला धावतो. ते आपल्याला दिसतं. आपण लगेच म्हणतो, ‘नको नको, आत्ताच घेऊन आलो.’ भावना चांगलीच असते. हिचं दूध आपण का संपवावं? पण तेवढ्यात त्या घरातली यजमानीण नाहीशी होते आणि उरते ती फक्त मदत घेणारी बाई.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शेजारणीने डबा पाठवला तर आपण तो रिकामा परत करत नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर घालतो. मृत्यू झालेल्या घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, म्हणून शेजारी-नातेवाईक ताटं घेऊन जातात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही हीच चाल आहे. दुःखात असलेलं घर नाताळाचं गोडधोड करत नाही, वाड्यावरची इतर घरं पाठवतात. पुढच्या वर्षी त्या घरातून ताट येतं आणि हिशेब मिटतो, खरं म्हणजे चालू राहतो. गरिबाला शिध्याची पिशवी देताना नेमकी हीच परतीची वाट आपण बंद करून टाकतो. वर फोटो काढतो. हातात पिशवी, बाजूला आपण, मागे बॅनर. त्या फोटोतल्या बाईची मुलगी उद्या तो शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवर पाहू शकते, याचा विचार संयोजकाने केलेला नसतो. एरवी नको तितका विचार करणारी माणसं इथे कशी चुकतात, देव जाणे.

नाताळाचा दुसरा दिवस, 26 डिसेंबर, कॅथलिक पंचांगात संत स्तेफनचा. ख्रिस्ती धर्मातला पहिला हुतात्मा म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याला हुद्दा कसा मिळाला ती हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती आहे. यरुशलेमच्या पहिल्यावहिल्या मंडळीत रोजचं अन्नवाटप चाले. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांना वगळलं जातं. थोडक्यात, रेशनच्या यादीवरून तंटा! प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले आणि वाटप त्यांच्यावर सोपवलं. त्या सातांची नावं पाहिली तर सगळी ग्रीक आहेत, स्तेफनचंही. म्हणजे, बऱ्याच अभ्यासकांच्या मते, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती पळी दिली गेली. चौकशी समिती नेमून वेळ काढता आला असता. तो मोह तेव्हाही असणारच.

मला यातलं हे पळी देणं सगळ्यात धाडसाचं वाटतं. गोणी उतरवणं सोपं आहे. ज्या वस्तीत वाटायचं तिथल्याच दोन बायकांना यादी करायला बसवणं, कुणाच्या घरी खरी नड आहे हे त्यांना ठरवू देणं, हे अवघड. ते जिथे होतं तिथे पिशवी नेमक्या घरी पोहोचते, कारण कुणाची चूल दोन दिवस पेटली नाही हे चर्चच्या कार्यालयापेक्षा नळावर आधी कळतं.

यंदा कॅरोलवाले दारात आले की डब्यात नोट टाकाच. पण त्यांच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन हेही विचारा, की जानेवारीत काय लागेल? डिसेंबरात केक आणि कपड्यांचा पूर येतो. शाळेची थकलेली फी, महिन्याची औषधं, खोलीचं भाडं यांना सण नसतो, आणि तेव्हा दारावर कुणी गात येत नाही. नंबर घेऊन ठेवा आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला फोन करा.