दुसऱ्याची ठेव

मनुष्य आपल्या मनांतील गोष्ट विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन करितो, तेव्हां ती सांभाळण्याचा भार कोणावर? इंटरनेटवरील माहितीच्या चोऱ्या ऐकून पुष्कळ जण म्हणतात, "लोकांनीं सावध राहावें." हें खरें आहे. ओटीपी कोणास सांगूं नये, असें आम्हीही सांगतों. पण एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं.

फिनलंड देशांत वास्तामो नांवाची मानसोपचार करणारी संस्था होती. दुःखानें गांजलेले लोक, जें सख्ख्या भावासही सांगवत नाहीं, तें तेथें सांगत, व उपचार करणारे तें टिपून ठेवीत. हीं टिपणें जेथें सांठविलीं होतीं तेथपर्यंत बाहेरच्यास इंटरनेटवाटे पोहोंचतां येत होतें. चोरानें तीं नेलीं, संस्थेकडे खंडणी मागितली, मग इ. स. २०२० च्या ऑक्टोबरांत एकेका रुग्णास संदेश धाडून २०० युरो मागितले, न दिल्यास सर्व उघड करीन अशी धमकी दिली. ज्यांची माहिती गेली असे रुग्ण सुमारें ३३,००० होते.

आतां या बापड्यांनीं कोणती सावधगिरी बाळगावयाची होती? दुःख गिळून घरीं बसावयाचें होतें काय? असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. चोराचा अपराध मोठा, यांत शंका नाहीं. परंतु शेजारणीनें दागिने ठेवावयास दिले आणि आपण दार उघडें टाकून बाजारास गेलों, तर चोरास शिव्या देऊन आपण मोकळे होतों काय? तेथील सरकारी अधिकाऱ्यानें इ. स. २०२१ मध्यें त्या संस्थेस ६,०८,००० युरो दंड केला, तो आम्हांस न्याय्य वाटतो.

मग सुरक्षित इंटरनेटची आशा धरावी कीं नाहीं? धरावी, पण चोर नाहींसे होतील अशी नव्हे. जें सांठविलेंच नाहीं तें चोरीस जात नाहीं, आणि येथेंच आमची आशा आहे. आज जो तो आधार कार्डाची झेरॉक्स मागतो, व काम झाल्यावर तिचें काय होतें हें कोणी विचारीत नाहीं. कधीं कधीं भज्यांच्या पुडीवर कोणाचें नांवगांव वाचावयास मिळतें! बचतगटाची वही किंवा शाळेची यादी ज्याच्या हातीं आहे, तोही या बाबतींत लहानसा वास्तामोच होय.

आपल्या देशांत इ. स. २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. राखणींत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची, आणि चोरी झाल्यास ज्याची माहिती त्यास कळविण्याची तरतूद त्यांत आहे. ही दुसरी तरतूद आम्हांस अधिक मोलाची वाटते. वास्तामोंत पहिली चोरी इ. स. २०१८ मध्येंच झाली होती. रुग्णांस तिची वार्ता लागली ती दोन वर्षांनीं.