तुला ओलावा कळतो, बाप का कळत नाही?

बस खाली. मोबाइल उलटा ठेव. परवा तू "सर, एक वस्तू बनवली, बघायला या" म्हणालास आणि मी भर दुपारी रेल्वे फाटकापलीकडून चालत तुझ्या घरी आलो. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला जुन्या विद्यार्थ्यानं काही बनवलं म्हटलं की राहवत नाही. तिथं मी एक शब्द बोललो नाही, कारण तुझी आई चहा घेऊन दारात उभी होती. आज बोलणार आहे आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस.

मागच्या खोलीत पूर्वी तुझ्या बाबांच्या खताच्या थैल्या असायच्या. तिथं तू जुना फ्रिज उभा केला आहेस. बाजूला भोक पाडून वायरी आत नेल्यास, कॉम्प्युटरचे दोन पंखे बसवलेस, ओलावा मोजणारा डीएचटी २२ सेन्सर टांगलास, ईएसपी ३२ चिप आणि रिले लावून सगळा कारभार मोबाइलवर आणलास. सोल्डरिंग स्वच्छ होतं. प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी होती. खरं सांगतो, छाती फुगली माझी. मग तू दार उघडलंस. आत दोरीला, आईच्या कपड्यांच्या चिमट्यांनी, गांजाची बोंडं उलटी टांगलेली. खालच्या कप्प्यात लोणच्याच्या दोन बरण्या, त्यांच्याही झाकणात सेन्सर. "सर, वाळवणं इथं, मुरवणं खाली. तीन आठवडे मी हात लावलेला नाही. सगळं ऑटोमॅटिक." हे सांगताना तुझा चेहरा दहावीत शंभरपैकी पंच्याण्णव पडले तेव्हासारखा होता.

"हात लावलेला नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. झाड कोणी लावलं? बोंडं कोणी तोडली? पंखा किती वेळ फिरायचा हे चिपला कोणी शिकवलं? यंत्रानं केलं म्हणून कर्म तुझं राहत नाही, असं मी तुला कोणत्या वर्गात शिकवलं होतं? उलट तुझ्या यंत्रानं तुझ्याविरुद्ध वही लिहून ठेवली आहे. तीन आठवडे, दर पाच मिनिटांनी, तारीख-वेळेसह, तुझ्या नावाच्या खात्यावर. चोरानं केलेली चोरी स्वतःच नोंदवून ठेवावी, तसा तो आलेख तू मला कौतुकानं बोटानं सरकवून दाखवलास.

आता कायदा ऐक. सर्किटचे कागद तू रात्र रात्र वाचलेस, कायद्याचं एक पान वाचलं नाहीस. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. तू जन्मायच्या कितीतरी आधीपासून. त्यातलं कलम ८ गांजाच्या झाडाची लागवडच बंद करतं. कलम २० मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तू मला म्हणालास, "सर, पाव किलोपण नाही, एक किलोच्या आत सगळं किरकोळ असतं." अर्धवट ऐकलं आहेस. एक किलोच्या आत अल्प आणि वीस किलोच्या वर व्यावसायिक हे मोजमाप जवळ बाळगणं, विकणं, नेणं-आणणं यांसाठी आहे. लागवडीच्या पोटकलमात किलो नाही, ग्रॅम नाही, झाडांची संख्याही नाही. एक झाड म्हणजे लागवडच. आणि किरकोळ म्हणतोस त्यालाही एक वर्षापर्यंतची कैद आहे. कलम ६० वाच. गुन्ह्यात वापरलेलं साहित्य जप्तीस पात्र ठरतं. म्हणजे तुझी पेटी, जिच्या वायरींना तू नंबर घातलेस, ती पंचनाम्यात जाईल.

आणि कलम २५. घराचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून जागा वापरू देत असेल तर त्यालाही तीच शिक्षा. घर कोणाच्या नावावर आहे? आईच्या. गच्चीवर तुळस, मिरची आणि त्यांच्या मागं ते झाड. तिन्हींना रोज सकाळी पाणी कोण घालतं? तीच. तिला तू सांगितलं आहेस की ते शोभेचं आहे. उद्या कोणी विचारलं तर ती खरंच सांगेल, मला माहीत नव्हतं. पण या कायद्यात आरोपीच्या मनात हेतू होता असं कोर्ट आधी धरून चालतं. नव्हता हे सिद्ध करायचं आरोपीवर येतं. चौथी शिकलेली ती बाई अमरावतीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून हे कसं सिद्ध करेल, याचा विचार त्या झाडाचं बी मातीत टाकताना केला होतास?

तुझी उत्तरं मला ठाऊक आहेत, परवाच तू ती पाठ म्हटल्यासारखी म्हटलीस. जर्मनीत चालतं. हो, १ एप्रिल २०२४ पासून तिथं मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून दर घरामागं चार, तीही सगळ्या प्रांतांत नाही. तिथल्या माणसांसाठी तिथली यंत्रं निघाली, तिथल्या बाजारात ती उघड विकली जातात आणि तू त्यांची नक्कल केलीस. तू राहतोस धामणगावात. उत्तराखंडाचं म्हणालास. तिथं भांगेच्या झाडाची औद्योगिक लागवड परवान्यानं होते, धाग्यासाठी आणि बियांसाठी, नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत ठेवून. तुझ्या बरणीत धागा आहे का?

इंग्रजांच्या काळात सरकारी परवान्यानं विकलं जायचं, हेही म्हणालास. बरोबर आहे. खंडवा इथून फार लांब नाही, मध्य प्रांतातली गांजाची लागवड तिथंच एकवटली होती. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं आयोग नेमून हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या आणि बेतानं ओढणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही असंही त्या आयोगानं लिहिलं. मी तुझ्यापासून ते लपवत नाही. शिक्षकानं गैरसोयीचं सत्य लपवू नये. पण त्या खंडव्यातही परवान्याशिवाय एक झाड लावता येत नव्हतं, पीक सरकारी कोठारात मोजून द्यावं लागे. कायदा बदलावा असं तुला मनापासून वाटत असेल तर उजळ माथ्यानं लिही, सभा घे, आमदाराला निवेदन दे. मी वाचेन तुझं निवेदन, शुद्धलेखनही तपासून देईन. खताच्या खोलीत दार लावून केलेल्या गोष्टीला मात्र मत म्हणत नाहीत.

"मी विकत नाही सर, स्वतःपुरतं आहे." आज नाही विकत. पण दोन बरण्या भरल्या की मित्र येतात, मित्रांचे मित्र येतात. आपल्या गावावरून मुंबई-हावडा लाइन जाते. ओडिशा-आंध्राकडचा माल याच लाइनीनं येतो, नागपूर स्टेशनवर बॅगा पकडल्या जातात. तिकडं शिरपूर तालुक्यात पोलीस दरवर्षी कापसा-तुरीच्या आड लावलेला गांजा उपटून काढतात. पकडला कोण जातो? बॅग वाहणारा पोरगा, नाहीतर ज्याच्या सातबाऱ्यावर शेत आहे तो. सुरुवातीला तेही स्वतःपुरतंच म्हणत असतील. आणि स्वतःपुरतं तरी काय चांगलं? रोज ओढणाऱ्या तरुण पोरांत भ्रम-भास होण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. तुझं वय तेवीस. ओढायची सवय लागलीच असेल तर ती मला सांग, मी रागावणार नाही, तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येईन. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला याच कायद्यातल्या कलम ६४-अ नं थोडा आसरा दिला आहे.

हे झालं कायद्याचं आणि तब्येतीचं. माझा खरा राग वेगळाच आहे.

तू काय सोडवलंस ते तुला तरी कळलं का? ओलावा. भवतालच्या हवेत जितका दमटपणा, तितका ओलावा वस्तू धरून बसते; हवा सांभाळली की वस्तू सांभाळली जाते. सापेक्ष आर्द्रता मी तुला गार पाण्याच्या पेल्यावर जमलेलं दव दाखवून शिकवली होती. ती तू इतकी पक्की समजलास की खोलीभर पावसाळी हवा असताना फ्रिजच्या आत तुझा आलेख रेघेसारखा सरळ होता. आणि ही विद्या घेऊन तू तुझ्या अंगणातून रोज ये-जा करतोस, जिथं तुझा बाप परतीच्या पावसात सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत असतो.

२०२४ च्या दिवाळीआधीचा दिवस सांगतो. मी बाजार समितीच्या यार्डात होतो, तुझे बाबा समोरच उभे. त्यांच्या मालात व्यापाऱ्यानं मशीन लावलं, ओलावा सतरा टक्के आला. हमीभाव होता ४८९२ रुपये, पण सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे होता. पुढं नोव्हेंबरात केंद्रानं १५ पर्यंत सूट दिली, तोवर तुझ्या बाबांचा माल चार हजाराच्याही खाली गेला होता. त्यांनी मूठभर दाणे दाताखाली फोडले, थुंकले आणि गपचूप चिठ्ठी खिशात घातली. मला बघून म्हणाले, "मास्तर, पोट्टं मागच्या खोलीत काईतरी मशीनचं करते. मले काई समजत नाई, पण हुशार हाय." त्या माणसाच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. परवा तुझ्या पेटीचं दार उघडलं तेव्हा मला तो आवाज आठवला.

तू म्हणशील, सर, फ्रिजमध्ये चाळीस क्विंटल सोयाबीन कसं वाळणार? नाहीच वाळणार. पण बियाणं वाळेल. एकराला तीस किलो बी लागतं. १६ टक्क्यांवरचं तीस किलो बी ११ वर आणायला किती पाणी काढावं लागतं? कर हिशोब. पावणेदोन लिटरच्या आत. एवढं पाणी तुझी पेटी काढेल. सोयाबीनचं टरफल नाजूक. फार तापवलं तर अंकुर मरतो, एकदम कोरड्या हवेत टाकलं तर टरफल तडकतं. म्हणून ते सावकाश, सांभाळलेल्या हवेत वाळवावं लागतं. तू जे केलंस तेच. २०१९ च्या परतीच्या पावसात बियाण्याचं सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर पेरणी उगवली नाही. हजारो तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तुझ्या बाबांनीही त्या वर्षी दुबार पेरणी केली, आईच्या पाटल्या मोडून. तू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतास आणि तुझी फी वेळेवर भरली गेली होती.

घरचं बियाणं राखा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजा, सत्तर उगवले तर पेरा, असं कृषी खातं दर मे महिन्यात कानीकपाळी ओरडतं. ते बी ऑक्टोबर ते जून कोणत्या ओलाव्यावर टिकवायचं, हे या पट्ट्यात घरच्या घरी मोजून करणारा मला आजवर दिसला नाही. ज्याला करता येतं तो खताच्या खोलीत बोंडं टांगून बसला आहे.

मी चूप बसेन असं समजू नकोस. आज संध्याकाळी आईबाबांना तू स्वतः सांगायचंस, झाड काय आहे आणि बरण्यांत काय आहे. माझ्यादेखत सांगायचं असेल तर मी येतो. त्यानंतर वकिलाकडे जायचं, तो सांगेल तसं ते झाड आणि तो माल मार्गी लावायचा. हे झालं नाही तर पुढं काय करायचं ते मी ठरवेन आणि मला त्यासाठी तुझी परवानगी लागणार नाही.

सगळं निस्तरलं की त्या रविवारी सकाळी आठला माझ्याकडे ये. पेटी हातगाडीवर घालून आण, रिकामी आणि आतून धुतलेली. माझ्या ओसरीवर तीस किलो ओलं सोयाबीन आणि शंभर दाण्यांचं गोणपाट तयार असेल.