न थांबलेला आरा

वाचनपाठ : इब्री लोकांस पत्र 3:12-14

नागपुरातील लकडगंज हे लाकडाच्या व्यापाराचे ठिकाण होय, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. तेथील आरागिरण्यांत ओंडके चिरले जाताना ज्यांनी पाहिले, त्यांस आऱ्याचे भय सांगावयास नको. परंतु गिरणीत काम करणाऱ्यास आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती ही की, आरा थांबलेला दिसला म्हणून तो थांबलाच आहे असे समजू नये.

हे कसे, ते पाहू. आपल्याकडील वीज एका सेकंदात 50 आवर्तने करते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या, चोक लावलेल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा उजळतो व मंदावतो. डोळ्यास ती लुकलुक कळत नाही. आता 40 दात्यांचे गोल पाते सेकंदाला 25 फेरे घेत आहे असे समजा. एका उजाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत नेमके 10 दाते पुढे जातात, आणि पहिल्या दात्याच्या जागी हुबेहूब तसाच दुसरा येऊन उभा राहतो. डोळा म्हणतो, काहीच हलले नाही. त्या भरवशावर पुढे केलेला हात मात्र कापला जातो.

मोबाइलवरील चित्रफितीत हेलिकॉप्टर पाती न हलविता आकाशात तरंगताना दिसते, त्याचेही कारण हेच. पाती 5, फेरे सेकंदाला 5, आणि कॅमेरा सेकंदाला 25 चित्रे घेतो असे धरा. म्हणजे प्रत्येक चित्रात एका पात्याच्या जागी दुसरे असते. विजेच्या विद्येचा थोर आचार्य मायकेल फॅरडे, जो आपल्या लहानशा मंडळीत वडील म्हणूनही सेवा करीत असे, याने 1831 साली अशा दृष्टिभ्रमांवर लेख लिहिला होता. चाक खोटे बोलत नाही. आम्ही ते ठरावीक क्षणीच पाहतो, म्हणून फसतो.

बंधुभगिनींनो, आम्ही एकमेकांसही असेच पाहत नाही काय? आम्ही रविवारी रविवारी डोळे उघडतो. तोच भाऊ, तेच धुतलेले कपडे, तीच बसण्याची जागा, तोच सलाम. गेल्या रविवारी होता तसाच आज आहे. सर्व कुशल आहे, असे प्रचारक आपल्या वहीत लिहितो. पण दोन रविवारांच्या मध्ये सहा दिवस असतात. त्या दिवसांत सावकाराचे व्याज फिरत असते, दारूचा पेला फिरत असतो, एखाद्या बहिणीच्या घरी मारहाण चालू असते. आमच्या विदर्भात कर्जाने पिचलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपला जीव दिला, आणि शेजारी म्हणाले, परवा तर भेटला होता, चांगला बोलला!

म्हणूनच पवित्र लेखक एकमेकांस बोध करण्याची जी आज्ञा देतो, ती सभेच्या दिवसापुरती नव्हे, तर रोजची आहे. कारण पाप फसवे आहे, आणि त्याच्या फसवणुकीने मन कठीण होते, असे तो बजावतो.

गिरणीतील उपायही आम्हांस शिकवितो. सगळे दिवे विजेच्या एकाच फेजवर न लावता तीन फेजवर वाटून लावतात. मग एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो, आणि फिरता आरा फिरताना दिसतो. मंडळीतही पाळकाचा एकटा दिवा पुरत नाही. प्रचारकाने सोमवारी शेताच्या बांधावर जावे, वडिलांनी गुरुवारी ओट्यावर बसावे, बहिणींनी पाणी भरताना एकमेकींस विचारावे. ठरलेली भेट बहुधा ठरलेलेच चित्र दाखविते. न ठरविता गेलेला मनुष्य खरे पाहतो. मात्र दोष शोधावयास जाऊ नये, ओझे उचलावयास जावे.

ज्याची दृष्टी कधीच मंदावत नाही असा एक देवच आहे. रानात एकटी पडलेली हागार कोणाच्या खिजगणतीत नव्हती. तरी त्याने तिला पाहिले, आणि तू कोठून आलीस व कोठे जातेस, असे विचारले. त्याच्या लेकरांनीही तोच प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे.

वाचकहो, या आठवड्यात, रविवार येण्यापूर्वी, कोणत्या एका घरी आपण जाणार, हे आजच ठरवावे. निद्रा न घेणारा आमचा राखणारा आमचे डोळे जागे ठेवो. आमेन.