जन्म आणि घर

माणसाची कुवत जन्मातून येते की वाढण्यातून, हा वाद आपल्याकडे देवळात, पारावर आणि सोयरिकीच्या बोलणीत पिढ्यानपिढ्या चालू आहे. माझ्यापुरता तो रक्ताच्या नळीपाशी सुरू झाला.

मंठ्यात मी रक्त-लघवी तपासणीचे काम करते. तळणीकडून, जिंतूर रस्त्याने, लोणारच्या बाजूने माणसे येतात. दिवसभर दुसऱ्याच्या रक्ताशी गाठ. म्हणून हिपॅटायटिस बीची लस घेतली. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत प्रतिपिंडे मोजतात आणि मिलीलिटरमागे 10 मिलियुनिटच्या वर आकडा गेला की संरक्षण मिळाले असे धरतात. माझा आकडा त्याच्या बराच खाली राहिला. लस चांगली होती, टोचणारा हात जाणता होता. निरोगी प्रौढांतही शंभरात पाच ते दहा जणांचे असे होते.

सासूबाई माळकरी. त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "बाई, रगतातच नसंल तर सुई काय करील? ज्याचं त्याचं प्रारब्ध."

त्यांचे हे बोलणे मी कधीच उडवून लावले नाही, कारण त्यात तथ्य आहे. 1960 च्या दशकात बारूज बेनासेराफ यांनी गिनीपिगांत आणि ह्यू मॅक्डेव्हिट व मायकेल सेला यांनी उंदरांत हेच पाहिले. प्रयोगशाळेत तयार केलेले एकच साधे प्रथिन दोन वंशांच्या उंदरांना टोचले. एका वंशाने भरपूर प्रतिपिंडे केली, दुसऱ्याने जेमतेम. पहिल्याला तल्लख म्हणू, दुसऱ्याला मंद. संकर करून पाहिला तेव्हा हा फरक पिढीजात उतरतो हे कळले. पुढे त्याची जागाही सापडली. परक्या कातडीचा तुकडा शरीर स्वीकारील की नाकारील हे गुणसूत्राचा जो भाग ठरवतो, तिथेच ही जनुके होती. 1980 चे नोबेल बेनासेराफ, ज्याँ दोसे आणि जॉर्ज स्नेल यांना याच कामासाठी मिळाले. माणसातल्या त्या भागाला एचएलए म्हणतात, आणि हिपॅटायटिस बीच्या लशीला दाद न देणाऱ्यांत त्यातले काही प्रकार जास्त आढळतात. म्हणजे इथवर सासूबाईंचे बरोबर: जे आले ते जन्मातून आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिचा पुढचा भाग छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत घडतो. 1961 पर्यंत या ग्रंथीला फारसे कोणी विचारत नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा ती पिल्ले रोगांना बळी पडू लागली आणि परकी कातडी निमूट स्वीकारू लागली. मोठ्या उंदरांची काढली तर लगेच असे काही दिसत नव्हते. जे घडायचे ते कोवळ्या वयात घडत होते.

प्रतिपिंडे थायमसमध्ये तयार होत नाहीत. ती बी पेशी करतात. पण बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत टी पेशीने मदत केल्याशिवाय बी पेशीचे पाऊल पुढे पडत नाही, आणि टी पेशी घडते थायमसमध्ये. अस्थिमज्जेतून निघालेली कच्ची पेशी तिथे येते आणि तिची परीक्षा सुरू होते. आपल्याच शरीराच्या एचएलए खुणा तिला ओळखता आल्या पाहिजेत. ज्यांना मुळीच येत नाहीत त्या मरतात. ज्या आपल्याच शरीरावर जोराने तुटून पडतात, त्याही मारल्या जातात. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पेशी आतच संपतात. इतकी कडक शाळा मी दुसरी पाहिली नाही.

मग शास्त्रज्ञांनी तो प्रश्न विचारला, जो मला धर्मप्रश्न वाटतो. मंद वंशाची पेशी तल्लख वंशाच्या थायमसमध्ये वाढवली तर? 1978 मध्ये हाराल्ड फॉन बोमर, वेर्नर हास आणि नील्स येर्ने यांनी दाखवले की मंद वंशाच्या पेशी तल्लख वंशाच्या थायमसमध्ये वाढल्या की त्यांना तल्लखपणा येतो. त्यांचा प्रयोग मारक टी पेशींवर होता. त्याच वर्षी जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांनी प्रतिपिंडांना मदत करणाऱ्या पेशींवर काम करून सांगितले की पेशीची स्वतःची जनुके कोणती याला जसे महत्त्व आहे, तसे ती कोणाच्या शरीरात वाढली यालाही आहे. पेशीतले जनुक कोणी बदलले नव्हते. बदलले होते ते वाढण्याचे ठिकाण.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. रोजच्या जगण्यात हा फरक कधी दिसलाच नसता. माझी थायमसही माझ्याच जनुकांनी बांधलेली; पेशीही माझी, तिला शिकवणारे घरही माझेच. दोन्ही एकत्र येतात, म्हणून सगळे श्रेय आणि सगळा दोष आपण जन्माच्या नावावर टाकतो. पेशीला तिच्या घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवले, तेव्हाच कोणाचे काय ते उमगले. माणसाच्या बाबतीत तर आपण हजार वर्षे हा घोळ केला. मूल ज्या घरात जन्मते त्याच घरात वाढते, आणि घराने जे दिले किंवा नाकारले ते आपण रक्तावर लिहितो. जात टिकली ती या घोळावर.

वेदान्तात कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भाग सांगतात. आमच्या भागातल्या प्रवचनांत प्रारब्धावर तासभर बोलतात आणि क्रियमाण, म्हणजे आता हातून घडणारे कर्म, घाईत उरकतात. संतांकडे पाहिले तर तसे दिसत नाही. गंगाखेडची जनाबाई शूद्र मानलेल्या घरात जन्मली आणि पंढरपुरात दामाशेटींच्या घरी, नामदेवांच्या सहवासात वाढली. दळणकांडण तिच्या वाट्याला आलेच, पण अभंगही त्याच घरात आले. चोखोबांचे जन्मगाव म्हणून मेहुणाराजाचे नाव घेतात, ते इथून फार दूर नाही. चोखोबांच्या अभंगांत आपल्या हीन जन्माचे कारण मागच्या जन्मात शोधणारा सूर सापडतो. त्यांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, मात्र ते मुकाट मान्य केले नाही. त्याने थेट देवाला जाब विचारला. मला कर्ममेळा जवळचा वाटतो.

थायमसच्या त्या प्रयोगांत आणखी एक अट होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे सगळे खोटे गोड होईल. नव्या घरात शिकलेल्या पेशीची विद्या तेव्हाच कामी येत होती, जेव्हा समोरच्या पेशींवर त्या घराची खूण होती. समोर फक्त मंद वंशाच्या पेशी असतील तर ती पुन्हा गप्प. नुसते शिकून भागत नाही, ती विद्या ओळखणारेही भोवती लागतात. चोखोबांची भक्ती नामदेवांनी ओळखली. देवळाच्या दाराने ओळखली नाही. शिकून आलेल्या मुलाला गावात परत त्याच्या आडनावाने मोजणारे लोक भेटतात, तेव्हा मला हीच अट आठवते.

पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळते. उंदरांवरून नीतिशास्त्र सिद्ध होत नाही. पण "रगतातच नाही" हे वाक्य आपण रक्ताच्या साक्षीने बोलतो, तर रक्ताची साक्ष पूर्ण ऐकली पाहिजे. माझेच सांगायचे तर, मी लशीचे तिन्ही डोस पुन्हा घेतले आणि या खेपेला आकडा वर गेला. जनुके तीच होती. सासूबाई म्हणाल्या, "पांडुरंगाची कृपा." मी हो म्हटले. कृपेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका निकालावर सगळे सोडून देण्याला.

थायमस लहानपणी जोमात असते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. मुलांच्या शिकण्याचे वयही असेच निसटून जाते. आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते, आणि आईबापांच्या कोयत्याबरोबर पोरेही भर शाळेतून उठून फडावर जातात. चार-पाच महिन्यांनी परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि कोणीतरी म्हणते, यांच्यात शिक्षण नाहीच. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. माझी विनंती गावातल्या कीर्तनकारांना, भजनी मंडळांना आणि शिक्षकांना आहे: यंदा गाड्या निघण्याआधी वस्तीवर जा, आईबापांशी बोला, वसतिगृह वेळेवर सुरू करून घ्या, आणि ही मुले इथेच राहतील असे पाहा.