आवर

विश्रामबागला माझ्या भाचीचं बाळ दीड महिन्याचं झालंय. स्टेशनावरून गाडीची शिट्टी आली की ते दोन्ही हात फाकवतं, बोटं ताणतं आणि रडू लागतं. "दुपट्यात घट्ट गुंडाळ गं, आपल्याच हातांना दचकतंय ते," असं माझी बहीण लेकीला सांगते. गुंडाळलेलं बाळ खरंच निवतं. बाहेरून घातलेला हा आवर आतून कधी येतो, या प्रश्नाने माझी पाठ धरली आहे.

थांबणं हेही एक काम असतं, हे विज्ञानाला उशिरा उमगलं. नस म्हणजे हलवणारी, अशीच समजूत होती. 1845 मध्ये वेबर बंधूंनी एका नसेला विजेची चेतना दिली, तर हृदय थांबलं. 1862 मध्ये पॅरिसला सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या मेंदूवर मिठाचा खडा ठेवला. आम्लात बुडालेला पाय आखडून घ्यायला बेडूक वेळ लावू लागला. शेरिंग्टन यांच्या 1932 च्या नोबेल व्याख्यानाचा विषयच निरोध, म्हणजे हा आवर, होता. 1950 मध्ये मेंदूत गाबा हे रसायन सापडलं. निरोधक चेतापेशी त्याच्याच जोरावर शेजारच्या पेशींना गप्प करतात, हे पुढच्या दीड-दोन दशकांत पक्कं झालं.

गोष्ट इथे संपली असती. पण 1989 मध्ये बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या मेंदूत पाहिलं, तर गाबा पेशींना गप्प करण्याऐवजी चेतवत होतं! कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. गाबाने दार उघडलं की ते आत शिरायचं सोडून बाहेर पडतं. क्लोराइड उपसून टाकणारा पंप पेशीत पुढे तयार होतो. तोवर निरोप 'थांब' असा निघतो आणि 'जागा हो' असा पोचतो. नवजात बाळाच्या आकडीवर गाबाचा जोर वाढवणारी औषधं कधी कधी कमी पडतात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मानतात.

मला त्याहून थक्क केलं ते या निरोधक पेशींच्या माहेराने. मेंदूच्या कवचातल्या चेतवणाऱ्या पेशी कवचाच्याच पोटात जन्मतात. तिथल्या पेशीने कवच व्हायचं की आणखी काही, हे एक जनुक ठरवतं, असं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने 2008 मध्ये उंदरांच्या गर्भात दाखवलं. आवर घालणाऱ्या पेशी मात्र परगावच्या. खाली, मेंदूच्या तळाशी जन्मून आडव्या वाटेने चालत त्या कवचात येतात, हे 1997 मध्ये उंदरांत दिसलं. माणसात ही वाट जन्मानंतरही चालू असते. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना, दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या मेंदूत, कपाळामागच्या भागाकडे निघालेले कोवळ्या पेशींचे जथे आढळले. जन्मानंतर काही महिने त्यांचं येणं सुरू होतं.

दचकणं मेंदूच्या बुंध्यातून येतं, त्याचा या जथ्यांशी थेट संबंध जोडणं घाईचं होईल. तरी बाळ झोपलं की माझी नजर त्याच्या कपाळावरून हलत नाही. काल बहिणीने पहिल्यांदाच एक हात मोकळा ठेवून त्याला गुंडाळलं.